मदत हवी आहे: आईची रोजची अँटासिड आणि थायरॉइडची गोळी, वेळा कशा जुळवायच्या?

नमस्कार मंडळी. आई कळव्याला राहते, वय ६४. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, बीपीचीही आहे. काही महिन्यांपासून छातीत जळजळ, करपट ढेकर, रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येणं सुरू झालंय. त्यावर ती चघळायची अँटासिड घेते. आधी कधीमधी घ्यायची, आता रोज, एखाद्या दिवशी तीन-चारदा. मी बोलले की म्हणते, "अगं, ती कसली गोळी, पेपरमिंट आहे नुसतं!"

परवाच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडचा आकडा, वाढला की औषध कमी पडतंय असं समजतात) वाढलेला आला. डोस तोच आहे आणि गोळी ती कधी चुकवत नाही. म्हणून शनिवारी तिच्याकडे मुक्कामाला गेले आणि सकाळी नुसतं बघत बसले. उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी. लगेच आधण ठेवलं, आणि चहाने जळजळ नको म्हणून चहाच्या आधीच अँटासिड चघळली. पोह्यांबरोबर बीपीची आणि कॅल्शियमची. सगळं तासाभरात उरकलेलं!

तिचा गोळ्यांचा स्टीलचा डबाही उघडून पाहिला. दुकानातून दोन-दोन गोळ्या कापून आणलेल्या. एका तुकड्यावर फक्त किंमत, दुसऱ्यावर नावाची शेवटची अक्षरं. मुदत कशावरच नाही. गुडघे दुखले की घ्यायची वेदनाशामक गोळीही त्यातच.

अँटासिडमुळे थायरॉइडची गोळी लागू पडत नसेल का? किती वेळाचं अंतर हवं? आणि रोज अशी गोळी खाणं कितपत बरं? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे, तोवर काय सांभाळू? घोडबंदरहून रोज जाणं जमत नाही, त्यामुळे तिला एकटीला पाळता येईल असं सांगा.

प्रतिसाद

ताई, मी फार्मासिस्ट आहे, नौपाड्यात दुकानात बसते. तुमची शंका रास्त आहे. बहुतेक अँटासिडमध्ये ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचे क्षार असतात. ते पोटातल्या ॲसिडवर काम करतात, पण थायरॉइडचं औषधही आतड्यात धरून ठेवतात, मग ते रक्तात नीट शोषलं जात नाही. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. तेच कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळीला लागू. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर न्या. इतर औषधं आणि अँटासिड यांतही साधारण दोन तास सोडावेत. टीएसएच वाढलाय म्हणून डोस आपणहून वाढवू नका. वेळा सुधारल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात, ते डॉक्टर ठरवतील.

मला जास्त काळजी त्या वेदनाशामक गोळीची वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात. वरून अँटासिड खाल्ली की जळजळ शमते, आत व्रण असला तर तो तसाच राहतो. बीपीच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिनने, अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडून आंबट वर येऊ शकतं. पण म्हणून बीपीची गोळी बंद करू नका हं, डॉक्टरांना फक्त विचारा.

अँटासिड अधूनमधून घ्यायला हरकत नाही. रोज लागतेय आणि दोन आठवडे उलटलेत, तर दुकानातून गोळी नेण्याऐवजी कारण शोधायला हवं. मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे क्षार शरीरात साठतात, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) कधी तपासलंय का ते बघा. ईनोसारख्या पाण्यात फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम बरंच असतं, बीपीच्या माणसाने ती सवयीने घेऊ नये. आणि गोळ्या कापून आणू नका. कापून दिल्याच तर बिल मागा, त्यावर नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. डब्यातले ओळख न पटणारे तुकडे टाकून द्या.

प्रतिसाद

वरच्या ताईंनी औषधांचं नीट सांगितलंय, मी एवढंच जोडतो. मी नेरूळला असतो. माझ्या काकांनी छातीतली जळजळ ॲसिडिटी समजून अख्खी रात्र काढली, ईसीजीत हृदयविकार निघाला. बायकांमध्ये, वयस्कर आणि मधुमेही माणसांमध्ये हे फसवं असतं. छातीत दाब, दरदरून घाम, दम लागणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, यातलं काहीही दिसलं तर अँटासिड देऊन वाट बघत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. काळी डांबरासारखी शौच किंवा उलटीत रक्त दिसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वजन उतरलेलं नाही, शौचाचं आज विचारते. कॅल्शियम दुपारी घ्यायला ती लगेच तयार झाली. वेदनाशामक गोळी मी घेऊन आले, डॉक्टरांना दाखवेन. एकच राहिलं: तोवर रात्री जळजळ झालीच तर?

प्रतिसाद

ताई, रात्री एखादी अँटासिड चालेल, नीट चावून, वेष्टनावर लिहिलेल्या मर्यादेतच. सकाळच्या थायरॉइडच्या गोळीला चार तास उरतात ना, तेवढं बघा. पहाटे घ्यावी लागलीच तर थायरॉइडची गोळी तेवढी पुढे न्या. जेवण झोपण्याच्या किमान तीन तास आधी उरका. उशांवर उशा रचल्या की पोट दुमडतं आणि उलट आंबट वर येतं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून १५-२० सेंमी उंची द्या, आणि डाव्या कुशीवर झोपायला सांगा. दुकानातून पॅन्टोप्राझोल (ॲसिड तयार होणंच कमी करणारी गोळी) मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. त्यानेही थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी होऊ शकतं, तेव्हा ते द्यायचं का आणि किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. जाताना डबा आणि टीएसएचचा रिपोर्ट दोन्ही घेऊन जा.