मदत हवी आहे: वॉर्डातल्या सिस्टरांना एका नजरेत कळेल असा डॅशबोर्ड

नमस्कार मंडळी,

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डासाठी डॅशबोर्ड करतोय. टीपीआर चार्टवरच्या (ताप, नाडी, श्वास वगैरेंच्या तक्त्यावरच्या) नोंदी आता टॅबवर भरतात, त्या नर्सिंग स्टेशनच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायच्या आहेत. डॉक्टरांना चोवीस तासांचे आलेख हवेत. सिस्टरांना हवंय एवढंच, की आत्ता आधी कुठल्या बेडकडे जायचं. नाइटला भरलेल्या वॉर्डात आलेख वाचत बसायला वेळ कुणाला असतो? माझ्या मते ही स्क्रीन आधी सिस्टरांची आहे; आलेख आत कुठेतरी क्लिक केल्यावर दिसले तरी चालतील.

पेशंट किती गंभीर आहे हे गुणांत सांगणारी न्यूज-२ पद्धत घेतली आहे (गुण जास्त तर धोका जास्त), ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची, २०१७ ची. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, पेशंट शुद्धीवर आहे का, ताप आणि बाहेरून ऑक्सिजन लावलाय का, या प्रत्येकाच्या गुणांची बेरीज. ५ ला तातडी, ७ ला इमर्जन्सी. पण नुसती बेरीज फसवते. श्वास मिनिटाला २६ आणि बाकी सगळं ठीक असेल तर बेरीज ३ च येते आणि तो बेड यादीत खाली जातो. खरं तर एकाच नोंदीला ३ गुण पडले तरी डॉक्टरांना कळवायचं असतं. हे कसं दाखवू?

दुसरी अडचण जुन्या आकड्यांची. ऑक्सिजन आत्ताचा, बीपी दुपारी दोनचं, आणि दोन्ही सारखेच ठळक. जुना आकडा फिकट केला तर ‘नॉर्मल असेल’ असं वाटतं. शेजारी वेळ लिहिली तर लांबून वाचता येत नाही.

वॉर्डात काम केलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दादा, मी सांगलीत स्टाफ नर्स आहे. बेड गुणांप्रमाणे वर-खाली हलवू नका. ओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची माहिती) आम्ही बेडच्या क्रमाने देतो, क्रम बदलला की नजर भलत्याच पेशंटवर जाते. बेड जागेवरच ठेवा आणि नुसता लाल रंग न देता कारण लिहा, ‘श्वास २६’ असं मोठ्या अक्षरात. जुन्या आकड्याच्या जागी ‘बीपी घ्यायचं आहे’ असंच येऊ द्या. नोंदच नसेल तर शून्य गुण धरून बेरीज दाखवू नका, ते फार धोक्याचं आहे. आणि सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) काही पेशंटना ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्केच ठेवायचा असतो. तिथे ९१ ला लाल झालं तर रात्रभर खोटी धावपळ. न्यूज-२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं स्केल आहे, पण ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय लागू होणार नाही असं करा.