मदत हवी आहे: निदान आधीच माहीत असलेल्या पेशंटवर विचार करायला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी,

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. इथे बरेच डॉक्टर, काही विद्यार्थी आणि इतर क्षेत्रांतले शिक्षकही वावरतात, म्हणून धागा काढतेय.

अडचण अशी. सकाळी वॉर्डात पोस्टिंगची बॅच येते. मी राउंड संपवून पोचेपर्यंत मुलांनी फाइल बघितलेली असते, नाहीतर रेसिडेंटला गाठलेलं असतं. "मॅडम, बारा नंबर मायट्रल स्टेनोसिस आहे." (म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झालेली, बहुधा लहानपणीच्या सांधेतापानंतर.) मग हिस्टरी त्या मापाने बेतली जाते. लहानपणी सांधे सुजले होते का, हे बरोबर विचारतात. घरात कुणाला टीबी होता का, बाई चुलीवर किती वर्षं स्वयंपाक करतेय, पाळीत अंगावरून किती जातं, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर खिशात आहे. तपासताना मर्मर, म्हणजे झडपेचा जादा आवाज, तर सगळ्यांनाच ऐकू येते. स्टेथोस्कोप कानात उलटा घातलेल्या एका मुलालाही आली होती. आणि मग ते पाठ केलेलं वाक्य: पेशंट अमुक महिन्यांपूर्वीपर्यंत अपॅरंटली ऑलराइट होता.

हीच मुलं इंटर्न होऊन कॅज्युअल्टीत उभी राहतात तेव्हा समोरच्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. "धाप लागते" एवढंच. मग केस पेपरवर तपासण्यांची रांग लागते: सीबीसी, केएफटी, एलएफटी, मलेरिया, डेंग्यू, विडाल, एक्सरे. काय शोधतोयस विचारलं की म्हणतात, "रूल आउट करतोय मॅडम", म्हणजे एकेक आजार बाद करतोय. काय रूल आउट करायचं ते रिपोर्ट आल्यावर ठरतं.

२०१९च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, लॉगबुक आलं. हिस्टरी घेतली, सही. पोट तपासलं, सही. ते तपासताना डोक्यात काय चाललं होतं, याचा रकाना कुठे शोधू? विचारातल्या चुकांवर मी लेक्चरही घेतलं: पहिल्या अंदाजाला चिकटून बसणं, निदान सापडल्यासारखं वाटताच शोध थांबवणं वगैरे. मुलांनी व्याख्या झकास लिहिल्या, बेडशेजारी काही फरक पडला नाही.

तर विचारायचं हे की निदान न झालेला पेशंट शिकवण्यासाठी आणायचा कुठून? ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. आणि विचार तपासायचा कसा, म्हणजे गुण कशाला द्यायचे? आपल्याकडच्या आजारांवरच्या कागदी केस कुणी बनवल्या असतील तर त्याही हव्या आहेत. अमेरिकन पुस्तकांतल्या केसमधला माणूस शिकारीला गेलेला असतो आणि त्याला गोचीड चावून लाइम डिसीज होतो. माझ्या मुलांनी त्यातलं काहीच बघितलेलं नाही.

– वॉर्ड_नंबर_सात


ग्रामीण_रुग्णालय:

मॅडम, कागदी केस हवी ना? घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात हमखास येणारी.

पहिली चिठ्ठी: शेतमजूर, वय तीस, जमिनीवर झोपलेला. पहाटे चारला पोटात जोरात दुखायला लागलं, दोन उलट्या. ताप नाही, जुलाब नाही. पोट मऊ. इथे थांबायचं. प्रत्येकाने तीन शक्यता लिहायच्या आणि पुढचे दोन प्रश्नही. बहुतेक जण ॲसिडिटी, अपेंडिक्स, स्वादुपिंडाची सूज लिहितात. गैर नाही.

दुसरी चिठ्ठी: पॅन्टोप्रॅझोलचं इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं. सहा वाजता म्हणतो, घसा धरल्यासारखा वाटतोय, पाणी गिळता येत नाही. आता तुमच्या तीनपैकी काय टिकतं?

तिसरी: बायको सांगते, "हे डोळे नीट उघडत नाहीयेत." सिस्टर समजते झोप झाली नाही. एका श्वासात आकडे मोजायला लावले तर पंधरापर्यंत जाऊन थांबतो. उशीवरून मान उचलता येत नाही. चावल्याची खूण कुठेही नाही, सूज नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल.

या चिठ्ठीवर वर्ग दोन गटांत फुटतो. खूण नाही आणि रक्तही गोठतंय म्हणून साप नाही, असं म्हणणारे बरेच निघतात. मण्यारचं विष नसांवर काम करतं. रक्त गोठण्यात बिघाड होत नाही, दात इतके बारीक की खूण बहुधा दिसत नाही, आणि सुरुवात पोटदुखीने होऊ शकते. ही चाचणी घोणस आणि फुरशासाठी कामाची, मण्यार नाकारायला तिचा उपयोग शून्य. चाचणी नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते, हे मुलं इथे शिकतात. 'निगेटिव्ह आली' एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही मग. उपचारही बोलून घ्या: प्रतिविष, आणि श्वास कमी पडायच्या आत नळी टाकायची तयारी.

नियम एकच, पुढची चिठ्ठी कागदावर आजाराचं नाव पडल्याशिवाय उघडायची नाही. तोंडी विचारलं तर हुशार दोघंच बोलतात, बाकीचे माना डोलावतात.

दुसरी केस स्क्रब टायफसची करा, बारीक किडा चावून येणारा ताप, चावल्या जागी काळी खपली धरते. २०१८मध्ये विदर्भात साथ आली होती, तेव्हापासून नाव सगळ्यांना माहीत आहे, पण काळी खपली जांघेत, काखेत, स्तनाखाली असते आणि आपण शर्टाची दोन बटणं काढून तपासणी उरकतो. चिठ्ठीवर "तपासणीत विशेष काही नाही" असं लिहा आणि बघा, काय काय तपासलं होतं असं कुणी विचारतं का.


निवृत्त_मास्तर:

कल्पना छान आहे, पण एक खडा टाकतो. 'विचार करायला शिकवणे' हा वेगळा विषय आहे असं समजून चाललात तर फसाल. मिशिगनमध्ये एल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली हेच तपासलं होतं: निष्णात डॉक्टर वेगळ्या पद्धतीने विचार करतात का? पद्धतीत फारसा फरक सापडला नाही. पहिल्या काही मिनिटांत दोन-चार शक्यता सगळेच धरतात, विद्यार्थीसुद्धा. फरक होता तो त्या आजाराबद्दल डोक्यात काय साठलंय त्याचा. आणि एका केसमध्ये तल्लख ठरलेला माणूस दुसऱ्या केसमध्ये तितकाच चालेल याची खात्री नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चुकांची नावं पाठ करून फरक पडला नाही, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

मी काय करायचो सांगतो. एक आजार शिकवायचा नाही, एक तक्रार शिकवायची. धापेचे तीन पेशंट शेजारी-शेजारी बघायचे: हृदयाचा, दम्याचा, रक्त कमी असलेला. प्रत्येकाला तेच प्रश्न: आडवं झाल्यावर वाढते का, रात्री कधी उठवते, किती दिवसांत एवढी झाली. तिघांची उत्तरं फळ्यावर उभ्या रकान्यांत. कुठला प्रश्न तिघांना वेगळं करतो आणि कुठला उगाच विचारला, हे आपोआप दिसतं. वॉर्डातली निदान झालेली माणसं या कामाला पुरतात, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न निम्मा सुटला.

दुसरं म्हणजे हिस्टरी संपल्यावर एका वाक्यात पेशंट मांडायला लावा. "उजवा गुडघा दुखतोय, काल रात्रीपासून, ताप आहे, पूर्वी दोनदा असंच होऊन गेलं" याचं मुलाने "मध्यमवयीन पुरुष, एकाच सांध्याची, तीव्र, पुन्हापुन्हा येणारी सूज" असं केलं पाहिजे. हे जमलं की पुढे गाउट (युरिक ॲसिडमुळे सुजलेला सांधा) का सेप्टिक सांधा (जंतुसंसर्ग झालेला) ही चर्चा होते. नाही जमलं तर पाच पानी हिस्टरी वाया. मी परीक्षक असताना सगळ्यात आधी हे वाक्य मागायचो.

ग्रामीण_रुग्णालय, तुमच्या केसवरून महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातले डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवले. लाल विंचवाच्या दंशाची सुरुवातीची लक्षणं त्यांनी खाटेशेजारी टिपली, १९८२ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मोठी यंत्रं नव्हती तिथे.


फायनल_मेजर:

मॅडम, तुमच्या बॅचमधली नाही मी, पण आमची बाजू सांगते. फाइल बघतो कारण निदान चुकलं तर पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर, ज्युनियर बॅचसमोर बोलणी बसतात. तीन शक्यता सांगितल्या की "ठरव एकदाचं" म्हणतात. आणि परीक्षेत लाँग केसला, म्हणजे एक पेशंट पूर्ण तपासून मांडायचा असतो तिथे, तेच पेशंट दरवर्षी येतात. त्यांना स्वतःलाच सगळं पाठ असतं. "बाळा, प्लीहा विचारतील, डावीकडे हात ठेव" असं आजोबा सांगतात. कोण ऐकणार नाही?

चुकीच्या पण कारण दिलेल्या उत्तराला अर्धे गुण दिलेत तर फाइल कमी उघडली जाईल. पूर्ण बंद होईल असं नाही म्हणत.


रात्रपाळी:

ओपीडीचं मी असं जमवलं: रांगेतला एकच पेशंट, त्याची परवानगी घेऊन, दोन मुलांकडे. दहा मिनिटं. मी बाकीची ओपीडी चालू ठेवते. मग मुलं मला पाच गोष्टी सांगतात: काय वाटतं, कशावरून, आणखी काय असू शकतं, कशाने ते बाद होईल, अडलं कुठे. शेवटच्याचं उत्तर "काही नाही" आलं तर परत पाठवते. गर्दीत एवढंच होतं.

इंटर्नसाठी एक वही ठेवा. दाखल करताना स्वतःचं निदान लिहायचं, डिस्चार्जला शेवटचं निदान शेजारी. फरक पडला तर का, एक ओळ. ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये निदान चुकलेल्या १०० केस तपासल्या, त्यात विचारातली सगळ्यात जास्त आढळलेली चूक म्हणजे शोध लवकर थांबवणं. आपल्याकडे तर दाखल केलेल्याचं पुढे काय झालं हे इंटर्नला कळतच नाही, पोस्टिंग बदलते. वहीवर गुण मात्र देऊ नका, नाहीतर दोन्ही रकाने एकाच दिवशी भरले जातील.

आणि सिस्टरला चर्चेत घ्या. डोळे उघडत नाहीत हे वरच्या केसमध्ये बायकोने सांगितलं, डॉक्टरने नाही. निदानात परिचारिका, पेशंट आणि घरचे यांना धरून चाला, असं अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीजच्या २०१५च्या अहवालातही आहे.


वॉर्ड_नंबर_सात:

सगळ्यांचे आभार. मास्तर, तीन पेशंटचा फळा सोमवारीच लावते. धापेला सध्या वॉर्डात कमतरता नाही. एक शंका: रक्त कमी असलेल्या बाईला झडपेचाही त्रास निघाला तर रकाना कुठला? तसे पेशंट मुद्दाम टाळायचे, की नंतर आणायचे?

फायनल_मेजर, अर्ध्या गुणांचं मला मान्य आहे, विभागप्रमुखांना पटवायला वेळ लागेल. पेशंटसमोर बोलणी बंद, हे माझ्या हातात आहे.

ग्रामीण_रुग्णालय, चिठ्ठ्या मराठीत ठेवल्या तर चालतील ना? पेशंट मराठीत सांगतो, त्याचं मुलांनीच मांडायचं, म्हणजे मास्तरांचं एक वाक्यही त्यातच होईल. स्क्रब टायफसच्या केसमध्ये खपलीचा फोटो कितव्या चिठ्ठीला देता?


ग्रामीण_रुग्णालय:

मराठीतच ठेवा. फोटो मी देतच नाही. कपडे काढून तपासलं असं ज्याने लिहिलं, त्यालाच दाखवतो. बाकीचे डॉक्सीसायक्लिन (त्यावरचं औषध) न देता पुढच्या चिठ्ठीवर जातात. तुम्ही व्यनि करा, नाव-गाव काढलेल्या केस पाठवतो.


निवृत्त_मास्तर:

दोन आजार एकत्र असलेली बाई आधी नको. तीन रकाने पक्के झाले की चौथ्या आठवड्यात तिलाच आणा.