लोखंड कोळशाने निघतं मग ॲल्युमिनियमला वीजच का लागते?

दहावीची_आई:
लेकीचा धातुविज्ञानाचा धडा चाललाय. लोखंडाला कोक (दगडी कोळशापासून केलेला) चालतो आणि बॉक्साइटला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाला, थेट वीज, असं का? पुस्तकात "ॲल्युमिनियम जास्त अभिक्रियाशील" एवढंच दिलंय. ती म्हणते पातेलं रोज पाण्यात असतं तरी गंजत नाही, मग कसलं अभिक्रियाशील? कुणीतरी नीट सांगा ना.

केमवाला:
प्रश्न एकदम बरोबर आहे तिचा. पातेल्यावर ऑक्साइडचा दिसणार पण नाही इतका पातळ थर असतो, हवा लागली की लगेच तयार होतो आणि आतल्या धातूला झाकून टाकतो म्हणून गंजत नाही. चिंच-कोकम घातलेली आमटी त्यात ठेवली की तो थर विरघळायला लागतो, म्हणून तर ठेवू नको म्हणतात.
आता मूळ मुद्दा. ॲल्युमिनियमचा आयन लहान आणि त्यावर प्रभार ३, त्यामुळे ऑक्सिजनला तो घट्ट धरून बसतो, ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, वितळायलाच 2000 अंशांच्या वर तापमान लागतं. लोखंडाची पकड त्यामानाने ढिली, झोतभट्टीत कोकपासून बनलेला कार्बन मोनॉक्साइड त्याचा ऑक्सिजन काढून घेतो. ॲल्युमिनावर कोळसा वापरायचा तर तसलंच भयंकर तापमान हवं आणि वर धातूत कार्बाइड (ॲल्युमिनियम-कार्बनचं संयुग) मिसळून येतं ते वेगळंच. म्हणून इलेक्ट्रॉन विजेनेच द्यायचे. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी वेगवेगळं काम करून हीच पद्धत काढली, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (ॲल्युमिनियमचाच एक फ्लोराइड क्षार) ॲल्युमिना विरघळवायचा म्हणजे साधारण 950 अंशांत भागतं. तरी एका किलोला 13 ते 15 युनिट वीज जातेच!

पीवे_वाला:
पकड बघायची असेल तर रुळांचं थर्मिट वेल्डिंग बघा. लोहाच्या ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियमची पावडर मिसळून पेटवतात, ॲल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं आणि वितळलेलं लोखंड खाली दोन रुळांच्या फटीत उतरतं. वर मळी तरंगते ना, ती मुख्यतः ॲल्युमिनाच.

दहावीची_आई:
वा, आता पटलं तिला, खूप आभार दोघांचे! पण लगेच पुढचा प्रश्न, ॲल्युमिनियमचा क्षार पाण्यात विरघळवून वीज सोडली तर? 950 अंश तरी कशाला?

केमवाला:
नाही जमत. कॅथोडवर (ऋण टोकावर) आधी पाण्यातला हायड्रोजनच सुटतो, ॲल्युमिनियम द्रावणातच राहतं. पाणी नकोच तिथे.

कोल्हापूरकर:
आमच्या राधानगरी, शाहूवाडीकडे बॉक्साइट आहे तेही या पकडीमुळेच. लाखो वर्षं पावसाने बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरंचसं सिलिका धुऊन नेलं, पाण्याला दाद न देणारे लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड तेवढे मागे राहिले. लोह जास्त तिथे लाल जांभा, ॲल्युमिनियम जास्त तिथे बॉक्साइट. सड्यावर गेलात तर लेकीला दोन्ही दगड हातात घेऊन बघू द्या, बॉक्साइट बऱ्याचदा फिकट असतो आणि त्यात वाटाण्याएवढे गोल दाणे दिसतात.