मदत हवी आहे : ब्रॉयलरच्या ॲस्ट्रोव्हायरसचं (आतड्याच्या विषाणूचं) कॅप्सिड म्हणजे कवचाचं जनुक वाचता येत नाही

लातूर-परभणीकडचे ब्रॉयलर नमुने आहेत. पिल्लं दुसऱ्या आठवड्यातली, वाढ खुंटलेली, आतडी फिकट आणि पाण्यानं फुगलेली. आतड्याचं १० टक्के होमोजिनेट (वाटलेलं मिश्रण) पीबीएस या क्षारद्रावणात, सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनमधून गाळून आरएनए काढलाय.

आरटी-पीसीआरमध्ये (आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवताना) ओआरएफ-१बी (पॉलिमरेज जनुक) चा बँड स्वच्छ येतो. पण प्रकार ठरवायला ओआरएफ-२ (हेच कॅप्सिड जनुक) लागतं, ते सुमारे २ केबीचं (२,००० बेस), आणि तिथेच घोडं पेंड खातं: कधी बँडच नाही, कधी सँगर सिक्वेन्सिंगमध्ये एकाच जागी दुहेरी शिखरं. एकाच पिल्लात दोन स्ट्रेन असाव्यात. इनहिबिटरचा (पीसीआर अडवणाऱ्या घटकांचा) संशय फारसा नाही. आरएनए १:१० पातळ केला, असे घटक बांधून ठेवणारं बीएसए प्रथिन घातलं, फरक शून्य.

कॅप्सिडचे प्राइमर एकमेकांवर चढणाऱ्या ६००-७०० बेसच्या तुकड्यांत पाडावेत, की टीए क्लोनिंग करून (एकेक प्रत वेगळ्या जिवाणूत घालून) ८-१० कॉलन्या वाचाव्यात? थेट एनजीएस (सगळ्या आरएनएचं एकदम सिक्वेन्सिंग) केलं तर यजमानाचा, म्हणजे कोंबडीचा, आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए) कशानं कमी करता?

आणखी एक. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात बर्फ टिकत नाही, म्हणून एफटीए कार्डाचा (नमुना सुकवून साठवायच्या कागदाचा) विचार आहे. त्यावरचा आरएनए तुटलेला असेल तर २ केबी निघणं अवघडच वाटतं. कार्डावरून कुणी पूर्ण ओआरएफ-२ काढलंय का? प्राइमर आणि ॲनीलिंग (प्राइमर चिकटण्याच्या) तापमानासकट सांगा.