मदत हवी आहे: रील्सना व्ह्यूज आहेत, ऑर्डर नाहीत (नाशिक)

प्रज्ञा_नाशिक
नमस्कार, घाईत लिहितेय. सहा महिने झाले, इन्स्टावर रोज रील टाकते. मागच्या महिन्यात एक रील ८४ हजारांवर गेली. दोनदा पैसे भरून बूस्ट केलं (रीलची जाहिरात), ६ हजार गेले. ऑर्डर आल्या ४, त्यातल्या २ नणंदेच्या मैत्रिणींच्या. आखाजी (अक्षय्य तृतीया) तीन आठवड्यांवर आलीय, दोन बायका कामाला ठेवल्यात, त्यांची मजुरी चुकत नाही. कुठे चुकतंय? हॅशटॅग कोणते टाकू?

गोदाकाठ
ताई, विकता काय ते लिहिलंच नाही. साड्या, लोणची, काय?

सिडकोचा_भाऊ
बूस्ट करताना लोकेशन काय ठेवलं होतं? आणि गोल कोणता निवडला?

वेबवाला_४२२
आधी स्वतःची वेबसाइट काढा. वेबसाइट नसेल तर लोक विश्वास ठेवत नाहीत. पेमेंट गेटवे, कुरिअर सगळं जोडून मिळतं. माझा मावसभाऊ करून देतो.

प्रज्ञा_नाशिक
अहो, खापरावरचे मांडे. पाथर्डी फाट्याजवळ राहते. सासूबाई अमळनेरच्या. कणीक इतकी सैल मळतात की पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत येतो, मग तो उलट्या खापरावर टाकतात. तीच रील चालली. लोकेशन ऑटोमॅटिकवरच होतं. गोल म्हणजे काय? प्रोफाइल व्हिजिट असं काहीतरी दाबलं होतं. वेबसाइट नको दादा, मांडे कुरिअरने जातील का?

सिडकोचा_भाऊ
सापडलं. त्या रीलखालच्या कमेंट वाचा, कुठल्या आहेत?

प्रज्ञा_नाशिक
बऱ्याचशा हिंदीत. इंदूर, सुरत, पाटणा. 'हमारे यहाँ मिलेगा क्या' असंच सगळं.

सिडकोचा_भाऊ
मग ऑर्डर येणार कशा? ऑटोमॅटिक ठेवलं की इन्स्टा तुमच्या फॉलोअर्ससारखी माणसं शोधतं. फॉलोअर्स पाटण्याचे, तर जाहिरातही तिकडेच. स्वतःचा ऑडियन्स तयार करा, नकाशावर पाथर्डी फाटा धरा, १० किमी ठेवा. सिडको, इंदिरानगर, अंबड सगळं येतं. खानदेशातली किती घरं आहेत तिथे, मीच त्यातला. गोल म्हणजे जाहिरात बघून लोकांनी काय करायचं ते; तो 'मेसेज' ठेवा, प्रोफाइल बघून कोणी मांडे मागवत नाही. रोज ३०० चे ५ दिवस म्हणजे १५००, वर १८ टक्के जीएसटी, १७७० धरून चला. रील उघडताच 'नाशिक, घरपोच' आणि भाव दिसू द्या. हॅशटॅगचा नाद सोडा.

गोदाकाठ
पुन्हा पैसेच घालायला लावताय त्यांना. माझं ऐका ताई. माझा कुर्त्यांचा धंदा टिकटॉकवर छान चालला होता. २०२० च्या जूनमध्ये ते बंद झालं आणि एका रात्रीत सगळे फॉलोअर्स गेले, एकाचाही नंबर माझ्याकडे नव्हता. तेव्हापासून मी फक्त व्हॉट्सअॅप बिझनेस वापरते. कॅटलॉग लावा, ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात.

सिडकोचा_भाऊ
ब्रॉडकास्ट त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. यांच्याकडे गिऱ्हाइकं ४. पाठवणार कोणाला?

गोदाकाठ
म्हणून तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची, 'नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळचा भाव स्टेटसवर'. सोसायटीच्या ग्रुपवर एकीला चव दाखवली की दहा जणी विचारतात. जाहिरातीला ते जमत नाही.

सिडकोचा_भाऊ
जमत नाही हे मान्य. पण आखाजी तीन आठवड्यांवर आहे, चिठ्ठ्या लावायला आधी डबे तर जाऊ द्या.

निफाडचा_मळा
आमच्याकडे या वर्षीचे बेदाणे तयार आहेत, एक नंबर हिरवे. मीही रील टाकावी का? आणि ताई, मांडे दुधाबरोबर खाता की आमरसाबरोबर? आमच्याकडे आमरसच.

सिडकोचा_भाऊ
आमरसाबरोबरच. दादा, बेदाण्यांचा वेगळा धागा काढा. तुमचा माल टिकतो, कुरिअरने जातो, तुमचं गणित वेगळं.

प्रज्ञा_नाशिक
परवा दोन्ही केलं. १० किमी, मेसेज, रीलवर मोठ्या अक्षरात भाव. चिठ्ठ्याही लिहून ठेवल्या. दोन दिवसांत १४ जणांनी विचारलं, ९ ऑर्डर पक्क्या, ७ सिडकोतल्याच. एका काकूंनी फोनवर सासूबाईंशी अहिराणीत अर्धा तास गप्पा मारल्या आणि २० मांडे सांगितले. आखाजीच्या ऑर्डरला आगाऊ पैसे मागू का? लोकांना राग येईल असं वाटतं.

गोदाकाठ
निम्मे मागाच. क्यूआर पाठवा आणि सणाच्या तीन दिवस आधी ऑर्डर बंद करा. डाळ, गूळ तुम्हाला आधीच भरावा लागणार.

प्रज्ञा_नाशिक
बरं, मागते. आता अडचण वेगळीच. खापर एकच आहे, एवढ्या ऑर्डरला दुसरं लागणार. नाशकात कुठे मिळेल?

सिडकोचा_भाऊ
जुन्या नाशकात कुंभारवाड्यात विचारा. नाही मिळालं तर आईला सांगतो, ती शनिवारी धुळ्याहून येतेय, घेऊन येईल.