सर्व्हर बदलल्यावर शेअरवरच्या (सामायिक फोल्डरातल्या) फायलींचे मालक उलटेपालटे, एकाने सेव्ह केलेली फाईल दुसऱ्याला रीड-ओन्ली

शहापूर_डीटीपी

नमस्कार मंडळी. बेळगावात छपाईचं काम आहे. जुना सर्व्हर बोर्डासकट गेला. त्यातली २ टीबीची डेटा डिस्क (ईएक्सटी४) तशीच काढून नव्या उबंटू मशीनला लावली. सांबा (विंडोज मशीनना शेअर देणारा प्रोग्राम) आणि युजर दोन्ही नव्याने केले. तेव्हापासून आठ दिवस हा घोळ चालू आहे:

१) डिझाइनच्या जुन्या सगळ्या फायली आता ‘टायपिंग’ या युजरच्या नावावर दिसतात, आणि टायपिंगच्या डिझाइनच्या नावावर. काउंटरच्या जुन्या फायलींवर नावच नाही, नुसतं १००३.

२) टायपिंगवाल्याने पत्रिकेचा कन्नड मजकूर घालून फाईल सेव्ह केली की डिझाइनच्या मशीनवर ती रीड-ओन्ली उघडते. मराठी बाजू लावायची तर फाईल दुसऱ्या नावाने सेव्ह करावी लागते. एकाच लग्नाच्या चार-चार प्रती झाल्यात, कुठली खरी ते कळेना.

३) प्लेट काढायच्या मशीनवर लिनक्स आहे, तिथे शेअर एनएफएसने (लिनक्सची फायली वाटायची पद्धत) जोडलाय. तिथल्या स्क्रिप्टने टाकलेल्या फायलींचा मालक ‘नोबडी’.

विंडोज मशीन पाच, लिनक्स एक. काउंटरचा युजर नव्या सर्व्हरवर अजून केलेला नाही, ते सध्या टायपिंगच्याच लॉगिनने बसतात. लग्नसराई तोंडावर आहे, काय करावं?

निपाणी_नेटवर्क

फोल्डरवर चमॉड मायनस कॅपिटल आर ७७७ मारा की, म्हणजे आतल्या सगळ्यावर सगळ्यांना सगळ्या परवानग्या. दोन मिनिटांचं काम. बाकीचं सीझन झाल्यावर बघा.

उद्यमबाग_अॅडमिन

शहापूरवाले, ७७७ अजिबात मारू नका. निदान आज तरी नाही. सुरक्षिततेचं सोडा, तुमच्या केसमध्ये कारण वेगळंच आहे.

डिस्कवर मालकाचं नाव कधीच लिहिलेलं नसतं, फक्त आकडा असतो. १००१ म्हणजे कोण, हे सर्व्हरची पासवर्ड फाईल ठरवते. जुन्या सर्व्हरवर डिझाइन १००१ होता आणि टायपिंग १००२. नव्यावर तुम्ही टायपिंग आधी केला, त्याला १००१ मिळाला. आकडे तेच राहिले, नावांची अदलाबदल झाली. एलएस मायनस एलएन दिलंत तर नावाऐवजी आकडे दिसतील, तिथे खात्री करून घ्या.

आता आठ दिवसांत लोकांनी नवीन फायलीही केल्यात. म्हणजे १००१ आकड्याच्या फायलींत अर्ध्या जुन्या डिझाइनच्या, अर्ध्या नव्या टायपिंगच्या. त्या वेगळ्या करायला सी-टाइम लागतो, म्हणजे फाईलची नोंद शेवटची कधी बदलली ती वेळ. डिस्क जशीच्या तशी हलवलीत म्हणून जुन्या फायलींचा सी-टाइम जुनाच राहिलाय. चमॉड (परवानगी बदलणं), चोन (मालक बदलणं), चग्रुप (ग्रुप बदलणं) यातलं काहीही फिरवलं की प्रत्येक फाईलचा सी-टाइम ‘आत्ता’ होतो आणि हा पुरावा कायमचा पुसला जातो. एम-टाइमवर (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ) विसंबू नका. विंडोजमधून कॉपी केलेली फाईल जुना एम-टाइम घेऊनच येते.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नोंद, मग मालक, मग ग्रुप आणि परवानग्या.

नोंद: सगळ्यांना शेअरवरून उठवा, रूट (मशीनचे सगळे अधिकार असलेला युजर) व्हा. गेटफॅकल (मालक आणि परवानग्या दाखवणारी आज्ञा) मायनस कॅपिटल आर पूर्ण फोल्डरवर चालवून आउटपुट फाईलमध्ये घ्या, पण शेअरच्या बाहेर. काही बिघडलं तर सेटफॅकल डॅश-डॅश-रिस्टोअर याच फाईलवरून मालक, ग्रुप, परवानग्या परत बसवतो. गेटफॅकल पाथचा पहिला स्लॅश काढून टाकतो, त्यामुळे रिस्टोअर करताना मुळात, म्हणजे नुसत्या स्लॅशवर उभं राहून चालवायचं. नाहीतर प्रत्येक फाईलला ‘सापडत नाही’ म्हणेल. या नोंदीत सी-टाइम मात्र येत नाही. तो वेगळा घ्या: फाइंडच्या प्रिंटएफने यूआयडी (मालकाचा आकडा), सी-टाइम आणि पाथ अशी यादी.

मालक: डिस्क नव्या मशीनला लावली तो दिवस मर्यादा धरा. फाइंडला ‘यूआयडी १००१’ आणि ‘या तारखेहून नवा सी-टाइम नाही’ (उद्गारचिन्ह, मग मायनस न्यूअर-सीटी) अशा दोन अटी द्या आणि चोन मायनस एच करून ९००१ हा कुणाचाच नसलेला आकडा द्या. मग त्याच तारखेच्या अटीने १००२ चे १००१ करा. शेवटी ९००१ चे १००२, इथे तारखेची अट नको. थेट १००१ चे १००२ आणि मग १००२ चे १००१ असं अटीविना केलंत तर सगळ्या फायली एकाच माणसाच्या होतील आणि पुन्हा वेगळ्या निघणार नाहीत.

काउंटरला काहीच करायचं नाही. युजर बनवताना यूजरअॅड मायनस यू १००३ द्या, त्याच्या जुन्या फायली आपोआप त्याच्या नावावर येतील.

खानापूरकर

बारीक मुद्दा: तारखेची अट असेल तर ९००१ शिवायही चालतं. पहिल्या फेरीत बदललेल्या फायलींचा सी-टाइम नवा झालेला असतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीत त्या सापडतच नाहीत.

उद्यमबाग_अॅडमिन

बरोबर. तरी ९००१ ठेवाच. मध्ये करंट गेला तर कुठवर आलं ते ९००१ च्या फायली मोजून कळतं.

खानापूरकर

मालकाचा एवढा खटाटोप का, हे मात्र विचारतो. छपाईच्या शेअरवर मालक कोण याने काम अडत नाही, ग्रुपने अडतं. वर्ड, एक्सेलसारखे प्रोग्राम सेव्ह करताना आधी तात्पुरती फाईल लिहितात, मग तिला मूळ नाव देतात. म्हणजे प्रत्येक सेव्हला फाईल नवी आणि मालक शेवटचा सेव्ह करणारा. आज नीट लावलेले मालक महिन्याभरात पुन्हा मिसळणारच. कोटा (माणशी डिस्कच्या जागेची मर्यादा) लावलेला असेल किंवा हिशोबाचा फोल्डर असेल तर मालक बघा, नाहीतर वरचं सगळं ऐच्छिक समजा. नोंद तेवढी घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं मूळ सांबाच्या डिफॉल्टमध्ये आहे. क्रिएट मास्क (नव्या फाईलला जास्तीत जास्त कुठल्या परवानग्या मिळतील ते) न सांगता सोडला तर ०७४४, डिरेक्टरी मास्क (तेच, फोल्डरसाठी) ०७५५. शेवटचे तीन आकडे क्रमाने मालक, ग्रुप आणि इतरांचे. दोन्हींत ग्रुपला लिहायची परवानगी नाही. टायपिंगने सेव्ह केली की डिझाइनला फक्त वाचता येणार, यात सांबाचं काही चुकत नाही.

‘प्रेस’ नावाचा एक ग्रुप करा, जीआयडी (ग्रुपचा आकडा) ठरवून द्या, समजा २०००. प्लेटच्या मशीनवरही हाच ग्रुप याच आकड्याने करा. युजर घालताना यूजरमॉड मायनस ए कॅपिटल जी. त्यातला ‘ए’ विसरलात तर युजर बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून बाहेर, आणि तो सुडो ग्रुपमधला (रूटचे अधिकार वापरता येणारा) असेल तर सर्व्हरची चावीच हरवली.

मग फोल्डरवर: चग्रुप मायनस कॅपिटल आर प्रेस. फाइंड टाइप डी ला चमॉड २७७०, फाइंड टाइप एफ ला चमॉड ०६६०. दोन वेगळ्या फेऱ्या. फोल्डरला एक्झिक्यूट नसेल तर आत शिरताच येत नाही, आणि फाईलला ते कशाला हवं? पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी: त्या फोल्डरात जन्मलेली फाईल फोल्डरचा ग्रुप घेते, बनवणाऱ्याचा नाही.

सांबाच्या शेअरमध्ये: व्हॅलिड युजर्स अॅट-प्रेस, फोर्स ग्रुप प्रेस, क्रिएट मास्क आणि फोर्स क्रिएट मोड दोन्ही ०६६०, डिरेक्टरी मास्क आणि फोर्स डिरेक्टरी मोड दोन्ही २७७०. ‘इनहेरिट परमिशन्स येस’ कुठल्या लेखातून उचलून टाकलेलं असेल तर काढा, ते या चारही ओळींना बाद करतं. टेस्टपार्म (सांबाच्या सेटिंगमधल्या चुका दाखवणारी आज्ञा) चालवून बघा, मग सर्व्हिस रीस्टार्ट.

नव्या सर्व्हरवर सांबाचे युजर एसएमबीपासडब्ल्यूडी मायनस ए ने वेगळे घालावे लागतात, लिनक्सचा पासवर्ड तिथे चालत नाही. ‘मॅप टू गेस्ट’ ला ‘बॅड युजर’ असेल तर अनोळखी नावाने आलेला माणूस मुकाट्याने पाहुणा होतो आणि गेस्टला परवानगी असलेल्या शेअरवर त्याच्या फायलीही नोबडीच्या नावावर जातात. तेही बंद करा.

निपाणी_नेटवर्क

७७७ मागे घेतलं. मग फोर्स युजर का नको? सगळे एकाच नावाने लिहितील, वादच मिटला.

खानापूरकर

मिटतो, पण मजकूर शेवटी कुणी बदलला ते फाईलवरून कधीच कळणार नाही. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली की पहिला प्रश्न तोच येतो. फॉन्टच्या फोल्डरला चालेल: नुडी, श्रीलिपी सगळं एका जागी, सगळ्यांना वाचायला, लिहायला फक्त एकाला.

स्टिकी बिटही (३७७०) कामाच्या फोल्डरवर नको. दुसऱ्याची फाईल डिलीट होऊ नये म्हणून लोक तो लावतात. पण नाव बदलून सेव्ह करणाऱ्या प्रोग्रामला दुसऱ्याची फाईल बदलताच येत नाही, आणि तुमची रीड-ओन्लीची तक्रार वेगळ्या वाटेने परत येते. डिलीटची भीती असेल तर सांबाचं रिसायकल मॉड्यूल (डिलीट केलेली फाईल बाजूला ठेवणारं) लावा.

उद्यमबाग_अॅडमिन

तिसरा प्रश्न राहिला. स्क्रिप्ट प्लेटच्या मशीनवर रूटने चालत असणार. एनएफएस सर्व्हर डिफॉल्टने रूटला ६५५३४, म्हणजे नोबडी करतो. याला रूट स्क्वॉश म्हणतात. ‘नो रूट स्क्वॉश’ लिहू नका, मग त्या मशीनचा रूट तुमच्या शेअरचाही रूट होतो.

त्या मशीनवर एकच काम चालतं, तेव्हा सर्व्हरवर ‘प्लेट’ नावाचा युजर (समजा १०१०) करा आणि एक्सपोर्ट्स फाईलमध्ये (एनएफएसने कुणाला काय द्यायचं ती यादी) त्या मशीनच्या आयपीपुढे कंसात: आरडब्ल्यू, सिंक, ऑल स्क्वॉश, अॅनॉनयूआयडी १०१०, अॅनॉनजीआयडी २०००. म्हणजे तिथून येणारं सगळं प्लेट आणि प्रेसच्या नावावर. मग एक्सपोर्टएफएस मायनस आरए. आयपी आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडू नका. एक स्पेस पडली तर आयपीला डिफॉल्ट मिळतं आणि कंसातल्या परवानग्या साऱ्या नेटवर्कला. फाईल बघून ही चूक दिसत नाही, एक्सपोर्टएफएस मायनस व्ही मध्ये दिसते.

स्क्रिप्टचा यूमास्क (नव्या फाईलवरून कुठल्या परवानग्या काढायच्या ते) ०००२ करा. ००२२ राहिला तर ग्रुप बरोबर येईल पण लिहिता येणार नाही, आणि सांबाचे मास्क एनएफएसवरून आलेल्या फाईलला लागू नसतात. सिस्टमडीतून (लिनक्सचा सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) चालत असेल तर सर्व्हिस फाईलमध्ये यूमास्कची ओळ घाला.

शहापूर_डीटीपी

नोंद घेतली, मालक बदलले, २७७० आणि ०६६० केलं, एनएफएसही झालं. प्लेटच्या फायली आता प्लेट-प्रेस अशा येतात. दोन गोष्टी उरल्या. काउंटरच्या विंडोज मशीनवरून सेव्ह केलं तर अजून टायपिंगचंच नाव लागतं. नवं लॉगिन टाकलं तर एरर १२१९. आणि ‘पंचायत’ फोल्डरात ग्रुपला आरडब्ल्यू दिसतं, शेवटी एक अधिकचं चिन्हही आहे, तरी टायपिंगवाल्याला लिहिता येत नाही.

खानापूरकर

१२१९: विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावाने जोडतं. नेट यूज स्टार डिलीट करा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली सर्व्हरची जुनी नोंद काढा, लॉगऑफ करून परत या. सर्व्हरवर एसएमबीस्टेटस दिलं की कोण कुठल्या नावाने बसलंय ते दिसतं.

अधिकचं चिन्ह म्हणजे जुन्या सर्व्हरवरचा एसीएल (नेहमीच्या परवानग्यांवरची जादा यादी) डिस्कबरोबर आलाय. अशा ठिकाणी एलएसमधला ग्रुपचा रकाना खऱ्या ग्रुपचा नसतो, मास्कचा (एसीएलमधली कमाल परवानगी, सांबाचा मास्क नव्हे) असतो. तुम्ही चमॉड केलं तेव्हा मास्क बदलला, ग्रुपची ओळ तशीच राहिली. गेटफॅकल लावा, ‘ग्रुप’ पुढे नाव नसलेल्या ओळीत नुसता ‘आर’ असेल. जुना एसीएल कुणाला नको असेल तर त्या फोल्डरवर सेटफॅकल मायनस कॅपिटल आर मायनस बी करा, मग २७७० आणि ०६६० च्या दोन्ही फेऱ्या पुन्हा.

शहापूर_डीटीपी

ग्रुप कोलन कोलन आर डॅश डॅश, अगदी तसंच होतं. मायनस बी करून फेऱ्या मारल्या, टायपिंगवरून सेव्ह केलेली फाईल डिझाइनवर उघडून परत सेव्ह झाली. काउंटरचं मशीन संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की बघतो.