सीडी + टेपरेकॉर्डरची मोटर + सोलर दिवा = वाद्य? आवाज येतोय पण मेल्यासारखा, मदत हवी आहे

खुडबुडी:
नमस्कार मंडळी, विषय जरा येडचाप आहे पण असले उद्योग इथे कोणीतरी केलेले असणारच म्हणून विचारतेय.

एइ वादा नावाचा जपानी कलाकार आहे, २०१५ पासून टाकून दिलेले पंखे, जुने डबा टीव्ही, बारकोड वाचायची यंत्रं असल्या गोष्टींची वाद्यं करतो. पंख्याची आयडिया बघितली आणि डोक्यात किडाच शिरला. पात्यांच्या जागी भोकांची तबकडी, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड पकडणारा सेल. भोक समोर आलं की उजेड, सरकलं की अंधार, हे सेकंदाला काहीशे वेळा झालं की सेलमधून तेवढ्याच कंपनांचा करंट निघतो, तो अ‍ॅम्पला दिला की झाला सूर.

माझ्याकडे पंखा नव्हता पण बंद पडलेला कॅसेट प्लेअर, डबाभर सीड्या आणि बागेतला एक मेलेला सोलर दिवा होता. आधी सीडीला ड्रिल लावलं, तिसऱ्याच भोकाला तडकली. मग दुसऱ्या सीडीचा चंदेरी थर ओरखडा काढून चिकटपट्टीने सोलला (राइट करायची सीडी घ्या, डीव्हीडीच्या वाटेला जाऊ नका, तिचा थर दोन चकत्यांच्या मधे असतो). त्या पारदर्शक चकतीवर आठ वर्तुळं आखली आणि आतून बाहेर २४, २७, ३०, ३२, ३६, ४०, ४५, ४८ अशा खिडक्या सोडून बाकी काळं रंगवलं. म्हणजे सा रे ग म प ध नी सां. २८२ खिडक्या, तीन रात्री, मान गेली कामातून.

सीडी थेट मोटरच्या दांड्यावर चिकटवलीय, खाली एलईडी टॉर्च, वर सोलर पॅनल, त्याच्या दोन वायरी कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरला. आवाज आला हो, उडीच मारली मी! पण इतका बारीक की कान लावावा लागतो, आणि पॅनलवर नीट भरपूर उजेड पाडला की सूर जवळजवळ जातोच, टॉर्च वाकडा धरून जेमतेम कडेला लागला की उलट वाढतो, हे काय गौडबंगाल आहे? शिवाय मोटर बंद असली तरी मागे घूंऽऽ चालूच, आणि सूर लागलाच तर सा च एवढा चढा की सां म्हणजे शिट्टी, वर तो झोके घेतो ते वेगळंच. काय चुकतंय?

तारतम्य:
गौडबंगाल काही नाही, उजेड जास्त ठिकाणी पडतोय. बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या साडेपाच सेमी धरली तर ४८ खिडक्यांमधे प्रत्येकी साधारण ७ मिमी अंतर येतं. तुमचं पॅनल ४ सेमीचं असेल तर त्याला एका दमात पाच-सहा खिडक्या दिसतात, एक उघडते तेव्हा दुसरी झाकली जाते, बेरीज तेवढीच, सेलच्या लेखी काही घडतच नाहीये. शेजारच्या वर्तुळांची भेसळ होतेय ती निराळी. पॅनलवर काळी टेप लावा आणि फक्त ३ मिमीची फट ठेवा, बस.

आणि एखादा बॉलवाला माउस भंगारात असेल तर उघडून बघाच. आत दोन जाळीदार चाकं असतात, एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला सेन्सर. तुमचंच वाद्य आहे ते, फक्त मुकं. तो सेन्सर सोलर पॅनलपेक्षा चपळ असतो, वरचे सूर दबत नाहीत, पण त्याला बॅटरी आणि एक रेझिस्टर लागतो. काळा रंग म्हणून मार्कर फासला असेल तर मात्र जपून, बऱ्याच शाया इन्फ्रारेडला आरपार असतात. टीव्हीचा रिमोट पकडणारा डोळा काढून वापरू नका, तो साधारण ३८ हजार हर्ट्झची लुकलुकच ओळखतो, गाण्याशी त्याला देणंघेणं नाही.

दिवाभीत:
घूंऽऽ म्हणजे खोलीतली ट्यूब. साध्या चोकवाली असेल तर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते (६० हर्ट्झवाल्या देशांत १२०), तुमचं पॅनल तेच गातंय. दिवे घालवून वाजवा. टॉर्च पण फुल्लवर ठेवा, मंद केला की बरेच टॉर्च भराभर उघडझाप करतात आणि तिसराच सूर घुसतो.

बेल्टतुटला:
ताई, मोटरवर २४०० आरपीएम लिहिलंय ना बहुतेक? म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, गुणिले २४, तुमचा सा ९६० हर्ट्झ. शिट्टी होणार नाही तर काय! सीडी मोटरवरून काढा आणि बेल्टने फिरणाऱ्या जड चाकावर बसवा. ते फ्लायव्हील कॅसेटचा आवाज डुलू नये म्हणूनच दिलेलं असतं. टेप सेकंदाला ४.७६ सेमी सरकते, त्या चाकाचा दांडा अडीच मिमीचा असेल तर सेकंदाला सहा फेऱ्या होतात, म्हणजे सा १४५ च्या आसपास, पेटीच्या पांढरी दोन पट्टीच्या किंचित खाली. डेक पालथा ठेवून मागची पत्र्याची पट्टी काढलीत की चाकाची पाठ वर मिळेल. मोटरच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यात छोटा स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच फिरवलं की वेग कमीजास्त होतो, आठही सूर एकत्रच सरकतील, आपसातलं नातं बिघडणार नाही. झोके मात्र सीडी मध्यावर नसल्यामुळे पण येतात, तेवढं बघा.

दिवाभीत:
आणि वादांचं बघून डबा टीव्ही उघडायला जाऊ नका प्लीज. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमधे हजारो व्होल्ट बसून राहू शकतात. मायक्रोवेव्हला तर हातच लावू नका.

खुडबुडी:
अहो काय सांगू! टेपची फट केली आणि आवाज एकदम अंगावर आला, स्पीकर कमी करावा लागला. ट्यूब घालवली, घूंऽऽ गायब. चाकावर सीडी बसवायला अख्खी दुपार गेली, दोनदा चुकीच्या जागी चिकटली, पण आता सा गंभीर लागतोय आणि हलत नाही. फट बोटाने सरकवली की सा वरून रे वर जाताना मधे दोन्ही मिसळतात, ते तर फारच भारी वाटतंय.

आता एकच राहिलं. नी मधे सारखं टक टक टक येतंय, सेकंदाला सहा. मोजलं तर ४५ खिडक्या बरोबर आहेत, पण शेवटचीला जागाच उरली नव्हती म्हणून ती चिंचोळी झालीय. एका फेरीला एक टक, ती हीच ना?

तारतम्य:
हीच. शेवटच्या पाच-सहा खिडक्यांचा रंग खरवडून चूक सगळ्यांत थोडी थोडी वाटून टाका, एकट्या नी साठी पुन्हा २८२ नको.